कोपऱ्यातले सुपरहिरो

‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या अमेरिकी मासिकाचा २२५वा अंक नोव्हेंबर १९५५चा. मासिक बॅटमॅनचं, त्यामुळे पुढची पानं त्याची. मागच्या पानांवर मात्र एक छोटीशी नवी कथा होती. डॉक्टर एर्डल नावाचा शास्त्रज्ञ आपलं यंत्र सुरू करतो आणि ते यंत्र मंगळावरच्या एका रहिवाशाला थेट त्याच्या प्रयोगशाळेत ओढून आणतं. हिरव्या कातडीचा तो उंचापुरा पाहुणा बघून म्हाताऱ्या एर्डलला असा धक्का बसतो की तो जागीच मरतो. परत पाठवण्याची रीत ज्याला ठाऊक होती तोच गेला. मंगळवासी अडकला. मग तो माणसाचं रूप घेतो, जॉन जोन्स असं साधं नाव धारण करतो आणि पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह म्हणून रुजू होतो.

लेखक जोसेफ समॅकसन आणि चित्रकार जो सेर्टा यांचा हा ‘मार्शियन मॅनहंटर’. तो उडतो, अदृश्य होतो, भिंतीतून आरपार जातो, हवं ते रूप घेतो, दुसऱ्याच्या मनातलं वाचतो, आणि ताकदीत सुपरमॅनच्या बरोबरीला उभा राहतो. आगीपुढे मात्र तो हतबल होतो. अमेरिकी कॉमिक्सचा दुसरा बहर १९५६ साली नव्या ‘फ्लॅश’पासून सुरू झाला असं मानतात, आणि हा मंगळवासी त्याच्याही जवळजवळ वर्षभर आधीचा. १९६० साली ‘जस्टिस लीग’ ही सुपरहिरोंची संघटना स्थापन झाली तेव्हा पहिल्या सात जणांत तो होता. तरी त्याच्या नावाचं स्वतंत्र पुस्तक निघायला १९८८ उजाडलं, आणि तेही चार भागांचं. नियमित मासिक मिळालं १९९८ साली, म्हणजे जन्मानंतर ४३ वर्षांनी. २०१७च्या ‘जस्टिस लीग’ चित्रपटातल्या चमूत त्याची जागा सायबॉर्गला गेली.

एखादा सुपरहिरो मागे पडला की त्याची कल्पनाच कच्ची असणार, असं आपण सहज धरून चालतो. मला हे पटत नाही. सुपरहिरो हे कुणाच्या तरी मालकीचे असतात. कुणाला पुढचं पान द्यायचं आणि कुणाला मागचं, कुणाची बाहुली बाजारात आणायची, कुणाचे हक्क कपाटात पडू द्यायचे, हे मालक ठरवतो. कथा चांगली आहे का, हा प्रश्न त्यात बराच खाली येतो. म्हणून मागच्या पानांवर राहिलेल्यांकडे मुद्दाम पाहायला हवं. तिथे लेखकांना मोकळीक जास्त मिळाली, आणि पुढच्या पानांवर चालल्या नसत्या अशा गोष्टी त्यांनी तिथे लिहून दाखवल्या.

मंगळवासीयाचंच घ्या. नंतरच्या लेखकांनी त्याच्या एकटेपणाचा तळ गाठला. मंगळावरची त्याची बायको, मुलगी आणि सारी जमात नष्ट झालेली आहे. तिथे सगळ्यांची मनं एकमेकांना उघडी होती. इथे प्रत्येकाचं मन बंद दारासारखं, आणि आत डोकावणं हा गुन्हा. सुपरमॅन इथे तान्हा असताना आला, त्याला दुसरं घर आठवतच नाही. या माणसाला सगळं आठवतं. मोठ्या वयात, घरदार गमावून परक्या देशात आलेला आणि नाव बदलून नोकरीला लागलेला निर्वासित म्हणजे जॉन जोन्स. जे. एम. डीमॅटिस यांची १९८८ची मालिका वाचा, किंवा स्टीव्ह ऑरलँडो आणि रायली रॉसमो यांची २०१८ साली सुरू झालेली बारा भागांची. दुसरीतली चित्रं पाहताना मंगळवासीयांची शरीरं खरोखर आपल्याहून वेगळी असणार, हे डोळ्यांना पटतं.

पण मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते बार्बरा गॉर्डनबद्दल. ‘बॅटगर्ल’ म्हणून नव्हे, ‘ओरॅकल’ म्हणून.

बार्बरा १९६७ साली आली. बॅटमॅनच्या गॉथम शहराच्या पोलीस आयुक्तांची मुलगी, डॉक्टरेट मिळवलेली ग्रंथपाल, रात्री बॅटगर्ल. वीसेक वर्षं ती बॅटमॅनच्या परिवारातली एक हसरी मुलगी होती. १९८८ साली अ‍ॅलन मूर आणि ब्रायन बॉलंड यांचं ‘द किलिंग जोक’ आलं. त्यात ती घराचं दार उघडते आणि समोर उभा असलेला जोकर तिच्यावर गोळी झाडतो. पाठीचा कणा निकामी होतो. पुढची सारी कथा तिचे वडील, जोकर आणि बॅटमॅन या तीन पुरुषांची आहे. बार्बराचं पुढे काय, तिला काय वाटलं, याला त्यात जागाच नाही. पुस्तक गाजलं आणि आजही त्याची गणना थोर कॉमिक्समध्ये होते. बॉलंडची रेघ थोर आहेच. पण एका बाईला अपंग करायचं ते केवळ दोन पुरुषांच्या मनःस्थितीसाठी, हा त्यातला दोष झाकता येत नाही. स्त्री पात्रांचा असा वापर कॉमिक्समध्ये किती सर्रास होतो याची यादी गेल सिमोन या वाचक-लेखिकेने १९९९ साली जाहीर केली. त्या यादीत बार्बरा होती.

प्रकाशकांच्या लेखी बार्बरा तिथेच संपली होती. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दांपत्याला ते पटलं नाही. ते ‘सुइसाइड स्क्वॉड’ नावाचं मासिक लिहीत होते. जानेवारी १९८९च्या अंकात त्यांनी एक अनोळखी पात्र आणलं. चेहरा नाही, आवाज नाही. संगणकाच्या पडद्यावर नुसती अक्षरं उमटतात आणि सही असते ‘ओरॅकल’. पुढच्या वर्षी कळलं की ही व्हीलचेअरवरची बार्बरा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला तो मार्च १९८९मध्ये. म्हणजे माहितीच्या जाळ्यावर बसून जगभरची सूत्रं हलवणारी ही नायिका कागदावर उतरली तेव्हा ते जाळं अजून जन्मायचं होतं.

येल आणि ऑस्ट्रँडर यांनी तिला नवी शक्ती बहाल केली नाही. तिच्याजवळ जे आधीपासून होतं त्याचीच किंमत त्यांनी वाढवली. एकदा वाचलेलं न विसरणारी स्मरणशक्ती, ग्रंथपालाची शिस्त, कुठली माहिती कुठे सापडेल याची जाण. बॅटगर्ल असताना ही सगळी सजावट होती. ओरॅकल झाल्यावर तीच तिची शस्त्रं झाली. गॉथमच्या घड्याळाच्या मनोऱ्यात बसून ती बॅटमॅनला माहिती पुरवते, आणि तिच्यावाचून त्याचं पान हलत नाही. १९९६ साली याच दोघांनी ब्रायन स्टेलफ्रीझ यांच्या चित्रांसह ‘ओरॅकल : इयर वन’ ही छोटी कथा लिहिली. गोळी लागल्यानंतरचे दिवस तीत आहेत : राग, भीती, स्वतःच्या शरीराशी नव्यानं ओळख, बसल्या जागेवरून लढायचं शिक्षण. सुपरहिरो कथांमधली इतकी प्रामाणिक कथा मी फार क्वचित वाचली आहे. पुढल्याच वर्षी किम येल कर्करोगानं गेल्या.

१९९६ सालीच चक डिक्सन यांनी ओरॅकल आणि ब्लॅक कॅनरी ही दुसरी नायिका अशा दोघींची जोडी जमवली आणि त्यातून ‘बर्ड्स ऑफ प्रे’ ही मालिका उभी राहिली. २००३पासून ती लिहायला घेतली गेल सिमोन यांनीच, यादी करणाऱ्या त्याच सिमोन. त्यांच्या हातात ही बायकांच्या मैत्रीची गोष्ट झाली. त्यात भांडणं आहेत, रुसवे आहेत, एकमेकींच्या निर्णयांवरचा राग आहे, आणि बार्बराच्या हाती सूत्रं आहेत. तिची व्हीलचेअर कथेत सतत दिसते, पण कथा व्हीलचेअरची नाही.

याच विश्वात १९९३ साली बेन या खलनायकानं बॅटमॅनचा कणा मोडला होता. बॅटमॅन बरा होऊन वर्षभरात पुन्हा छपरांवरून उड्या मारू लागला. मेलेले सुपरहिरो परत येतात, जादू आहे, परग्रहावरचं तंत्रज्ञान आहे. अशा जगात एक बाई वीसेक वर्षं व्हीलचेअरवर राहिली आणि त्या जगातली सर्वांत जाणकार व्यक्ती ठरली. व्हीलचेअर वापरणाऱ्या वाचकांना ती आपली वाटली, यात नवल नाही. सप्टेंबर २०११मध्ये प्रकाशकांनी आपली सगळी मासिकं नव्यानं सुरू केली तेव्हा बार्बराला पायांवर उभं करून पुन्हा बॅटगर्ल बनवलं. त्या मासिकाची लेखिकाही सिमोनच होती आणि तिनं मनापासून लिहिलं. तरी अनेक अपंग वाचकांनी दुःख व्यक्त केलं, आणि मला ते रास्त वाटतं. बॅटगर्लचा पोशाख इतरांच्याही अंगावर बसतो. कॅसँड्रा केन आणि स्टेफनी ब्राउन या दोघींनी तो आधीच घातला होता. ओरॅकल मात्र एकच होती. ज्या नावाची बाहुली खपते, टीशर्ट खपतो, ते नाव प्रकाशकांनी निवडलं.

मालकीचा प्रश्न ज्यांना अगदी सुरुवातीपासून कळला होता असे लोक म्हणजे ‘माइलस्टोन मीडिया’ची मंडळी. ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या कृष्णवर्णीय कलावंतांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही संस्था काढली. बॅटमॅनचा प्रकाशक असलेल्या ‘डीसी’शी त्यांनी करार केला तो असा : छपाई आणि वितरण डीसीचं, पात्रांचे हक्क आमचे. कृष्णवर्णीयांच्या कातडीला सरसकट एकच तपकिरी रंग फासण्याची रीत त्यांनी मोडली आणि वेगवेगळ्या छटा दिसाव्यात म्हणून रंगकामाची स्वतंत्र पद्धत बसवली. ‘आयकॉन’ या मासिकात त्यांनी रॉकेट नावाची नायिका आणली. ती किशोरवयातच आई होते, आणि लेखक तिला हिणवतही नाहीत आणि तिची कीवही करत नाहीत.

१९९३ साली त्यांचा ‘स्टॅटिक’ आला. व्हर्जिल हॉकिन्स हा डकोटा शहरातला पंधरा वर्षांचा मुलगा. हे नाव एका खऱ्या माणसाचं आहे. कृष्णवर्णीय म्हणून १९४९ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या कायदा शाखेत ज्यांना प्रवेश नाकारला गेला आणि ज्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं न्यायालयात झुंज दिली, ते व्हर्जिल हॉकिन्स. कथेतला व्हर्जिल कॉमिक्सवेडा, बडबड्या आणि शाळेत मार खाणारा आहे. त्याला छळणारा दांडगट शहरातल्या टोळ्यांच्या मोठ्या मारामारीत हजर असणार हे कळल्यावर एका मित्राच्या मदतीनं व्हर्जिल पिस्तूल घेऊन तिथे जातो. ऐन वेळी त्याला स्वतःचीच भीती वाटते आणि तो पिस्तूल फेकून देतो. तेवढ्यात पोलीस येतात आणि जमावावर वायू सोडतात. मारामारीत कोण कोण होतं हे नंतर ओळखता यावं म्हणून त्या वायूत एक नवं रसायन मिसळलेलं असतं. कित्येक जण मरतात. जे वाचतात त्यांच्यात विचित्र शक्ती येतात. व्हर्जिलच्या वाट्याला वीज आणि चुंबकत्व येतं.

स्पायडरमॅनच्या जन्मकथेशेजारी ही जन्मकथा ठेवून पाहावी. तिथे एक अपघात आणि एक कोळी. इथे गरीब वस्ती, हातात सहज येणारं पिस्तूल आणि माणसांवर प्रयोग करणारी सरकारी यंत्रणा. मुलगा निर्णय घेतो तो शक्ती मिळण्याआधी, पिस्तूल फेकताना. मॅकडफी आणि रॉबर्ट वॉशिंग्टन यांच्या लेखनातला विनोद आणि जॉन पॉल लिऑन यांच्या गडद चित्रांमधली वस्ती, यांमुळे हे सगळं भाषण होत नाही. व्हर्जिल कचराकुंडीच्या झाकणावर उभा राहून उडतो! त्याचे आईवडील जिवंत आहेत, बहिणीशी त्याची रोज खडाजंगी होते. सुपरहिरोला अनाथ करायची प्रथा या लेखकांनी साफ नाकारली.

मग हा मागे का राहिला? नव्वदच्या सुरुवातीला लोक कॉमिक्स गुंतवणूक म्हणून विकत घेत होते. तो फुगा काही वर्षांतच फुटला, दुकानं धडाधड बंद झाली, प्रकाशक बुडाले. माइलस्टोनची मासिकं ‘काळ्यांसाठीची’ समजून अनेक दुकानदारांनी ती मोजकीच मागवली. ‘स्टॅटिक’ ४५ अंकांनंतर १९९७ साली थांबला. २००० ते २००४ या काळात ‘स्टॅटिक शॉक’ ही कार्टून मालिका चालली, ५२ भाग झाले, आणि एका पिढीला तो तिथून कळला. पण टीव्हीवर नायक गाजत असताना दुकानात त्याचं नियमित मासिक नव्हतं. हक्क कुणाकडे आणि छापायचं कुणी, याची गाठ सुटायला फार वर्षं गेली. २०२१ साली नवा ‘स्टॅटिक’ आला. तो पाहायला मॅकडफी नव्हते. २०११ साली, वयाच्या ४९व्या वर्षी ते गेले होते.

मालकी बदलली की नायकाचं काय होतं, याचं एक जुनं उदाहरण ‘प्लास्टिक मॅन’. जॅक कोल यांनी त्याला ऑगस्ट १९४१मध्ये ‘पोलीस कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आणलं. ईल ओब्रायन हा चोर. रसायनांच्या कारखान्यात दरोडा घालताना त्याला गोळी लागते, जखमेत आम्ल शिरतं, साथीदार त्याला टाकून पळतात, आणि एक साधू त्याला आसरा देतो. शुद्धीवर येतो तेव्हा त्याचं शरीर रबरासारखं ताणलं जात असतं आणि मन पालटलेलं असतं. कोल यांची चित्रं आज ८० वर्षांनीही थक्क करतात. पानभर पसरलेल्या एका सलग आकृतीतून ते चारपाच घटना सांगतात. खोलीतला लाल गालिचा, लाल दिवा, लाल खुर्ची यांपैकी एक वस्तू म्हणजे आपला नायक असतो आणि वाचकाला ती शोधावी लागते. आर्ट स्पीगलमन यांनी कोल यांच्यावर आधी ‘न्यूयॉर्कर’मध्ये दीर्घ लेख लिहिला आणि मग २००१ साली चिप किड यांच्यासह अख्खं पुस्तक केलं.

१९५६ साली मूळ प्रकाशक बंद पडला आणि प्लास्टिक मॅन डीसीकडे गेला. त्यांना आपल्या कपाटात काय आलं आहे याचाही विसर पडला असावा, कारण १९६० साली त्यांनी ‘इलाँगेटेड मॅन’ हा ताणला जाणारा दुसरा नायक तयार केला. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी पुढे कबूल केलं की प्लास्टिक मॅन आपल्याकडेच आहे हे माहीत असतं तर हा दुसरा काढलाच नसता. १९६१ साली मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशकाचा ‘मिस्टर फँटॅस्टिक’ आला आणि ताणल्या जाणाऱ्या शरीराचं श्रेय लोकांच्या मनात त्याच्या नावावर लागलं.

‘ग्रीन टर्टल’चं आयुष्य तर जेमतेम पाच अंकांचं. १९४४ साली चू हिंग या चिनी-अमेरिकी चित्रकारानं दुसऱ्या महायुद्धात चीनच्या बाजूनं लढणारा हा नायक काढला. असं सांगतात की नायक चिनी असावा ही त्यांची इच्छा प्रकाशकानं मानली नाही. ते खरं असो वा नसो, त्या अंकांत नायक सतत पाठमोरा असतो, नाहीतर चेहऱ्यावर कुणाचा तरी हात किंवा सावली आलेली असते. २०१४ साली जीन लुएन यांग आणि सनी ल्यू यांनी ‘द शॅडो हीरो’ या पुस्तकात त्याला चेहरा दिला, चिनी आई दिली आणि चायनाटाउनमधलं घर दिलं.

आपल्याकडच्या एका नायकाचं नाव या मंडळींत आलंच पाहिजे. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहानं मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. वेताळ आणि मँड्रेक मराठी घराघरांत पोचले ते त्यातून. ही पात्रं अमेरिकेतून आलेली. १९७६ साली त्याच नियतकालिकात आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला ‘बहादूर’ आला. भगवा कुडता आणि जीन्स हाच त्याचा गणवेश. बाप चंबळचा डाकू, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीनं बाप मेला त्यानंच मुलाला वाढवलेलं. बहादूर आसपासच्या गावकऱ्यांना संघटित करून नागरिक सुरक्षा दल उभारतो. जोडीदारीण बेला त्याच्या बरोबरीनं लढते.

यातली चंबळ हवेतून आलेली नव्हती. १९६० साली विनोबांच्या पदयात्रेत तिथल्या डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली होती आणि १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोठं आत्मसमर्पण झालं होतं. त्यानंतर चारच वर्षांनी डाकूचा मुलगा नायक झाला. बापाचं रक्त मुलाचं भवितव्य ठरवतं का, आणि गावानं रक्षणासाठी पोलिसांची वाट बघत बसायचं की स्वतः उभं राहायचं, हे त्या काळचे खरे प्रश्न होते. ते ३२ पानी रंगीत पुस्तिकेत मुलांसमोर आले, हे लहान काम नव्हतं. बहादूरला अलौकिक शक्ती नाही, म्हणून त्याला सुपरहिरो म्हणू नये असं कुणी म्हणेल. बॅटमॅनला तरी कुठे आहे?

१९९० साली इंद्रजाल बंद पडलं. वेताळ आणि मँड्रेक यांना परदेशातला मालक होता, जगभरातली वर्तमानपत्रं होती, ते जगले. बहादूरला त्या एका नियतकालिकाखेरीज दुसरं घर नव्हतं. आबिद सुरती लिहीत राहिले. २००७पासून मिरा रोड परिसरात घरोघर जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्याच्या कामासाठीही ते ओळखले जातात. ब्राह्मणियांचं नाव मात्र बहादूरचे अंक जपून ठेवणाऱ्या वाचकांच्याही तोंडी फारसं येत नाही. घोड्यांच्या टापांनी उडालेली धूळ आणि खोऱ्यातल्या घळी काढणारा हा चित्रकार. सुरती-ब्राह्मणियांच्या सुरुवातीच्या कथा मराठीत एकत्र खंडांत याव्यात, चांगल्या कागदावर, दोघांची नावं सारख्याच टायपात मुखपृष्ठावर छापून, आणि सोबत त्या दशकातल्या चंबळची माहिती देणारी प्रस्तावना असावी.